पाइपाच्या वाटेने जाणारी गाडी

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे पहिले चार दिवस बंदर, पाऊस आणि वारा यांतच गेले. लिहायचंय ते पाचव्या दिवसाबद्दल, वायटाकरेच्या रानातल्या बोगद्याबद्दल.

शहराच्या पश्चिमेला वायटाकरेची डोंगररांग आहे. स्वॉन्सनच्या वरच्या अंगाला पाण्याचं फिल्टर स्टेशन लागतं आणि तिथून एक चिंचोळी रेल्वे धरणापर्यंत जायची. माथेरानची गाडी पाहिलेल्यांनाही ही इवलीशी वाटली असती. चालवणारे सगळे स्वयंसेवक. आम्ही गेलो तो रविवार होता.

ही वाट मुळात प्रवाशांसाठी नव्हतीच. 1877 पासून ऑकलंडचं पाणी वेस्टर्न स्प्रिंग्जच्या झऱ्यावरून वाफेच्या पंपाने उपसलं जायचं. शहर वाढलं, झरा पुरेना, म्हणून 1910 पर्यंत इथे काँक्रीटचं धरण उभं राहिलं. धरण उंचावर, शहर खाली, त्यामुळे पाणी आपल्या वजनानेच येतं. तानसाची पाइपलाइन पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. असा पाइप डोंगराच्या कडेकडेने बेताच्या उताराने न्यायचा. सोंड आडवी आली की बोगदा, घळ आली की पूल. बांधकामाचं सामान नेणारे रूळ त्याच वाटेवर पडले आणि पुढे पाइपाच्या देखभालीसाठी राहिले. माथेरानला 1:20 चढावर इंजिन धापा टाकतं, इथे तसं काही नव्हतं.

बोगद्यात गाडी थांबली आणि दिवे मालवले. अंगाला ओलसर गारवा, कुठेतरी ठिबकणारं पाणी. मिनिटभराने छतावर एकेक निळसर ठिपका उमटू लागला. हे काजवे नव्हेत. चिलटासारख्या एका माशीची ही अळी, माओरी भाषेत टिटीवाई. ती छताला रेशमी धागे सोडते, एकेक अळी 70 पर्यंत. धाग्यांवर चिकट थेंब मण्यांसारखे ओवलेले. उजेडाला भुलून आलेलं चिलट अडकलं की अळी धागा वर ओढून घेते. वारा लागला की धागे एकमेकांत गुंततात, हवा कोरडी पडली की अळी सुकते, म्हणून तिला असा ओला, निवाऱ्याचा बोगदाच मानवतो. भिंतीवर बिनपंखी, लांब मिशांचे वेटा नावाचे कीटकही बसलेले होते.

तेवढ्यात मागच्या डब्यातून मोबाइलचा टॉर्च पेटला, पाठोपाठ दुसरा. छतावरचे ठिपके जवळजवळ दिसेनासे झाले. डोळे पुन्हा अंधाराला सरावायला कितीतरी मिनिटं लागतात, आणि गाडी तेवढी थांबत नसे. मला मनापासून राग आला. मोबाइल चढतानाच बंद करून ठेवायला हवे होते.

धरणापाशी उतरल्यावर एका स्वयंसेवकाने मला रुळांखालचे आडवे लाकडी स्लीपर दाखवले. त्याने हातोडीने एकेक ठोकून पाहिला: चांगला खणखणतो, आतून कुजलेला बद्द वाजतो. या रानात लाकूड वरून धड दिसतं आणि खिळ्याच्या भोकातून पाणी शिरून आतल्या आत कुजतं. वळणावर चाकाची कड बाहेरचा रूळ सतत ढकलत असते. खिळ्याची पकड गेली की रुळांमधलं अंतर वाढतं आणि चाक आत पडतं. असा स्लीपर बदलायचा तर दोन्हीकडचे खिळे उपटायचे, खडी उकरायची, रूळ जॅकने बोटभर उचलायचा, कुजका बाजूला ओढून नवा सरकवायचा, मापाची पट्टी लावून खिळे ठोकायचे आणि शेवटी पहारीने खडी खाली घट्ट कोंबायची. ही कोंबणी कच्ची राहिली तर स्लीपर लोंबकळत राहतो, दर चाकाखाली रूळ दबतो आणि सांध्याचे बोल्ट सैल होतात. यंत्र आणायला जागा नाही, एका बाजूला पाइप, दुसऱ्या बाजूला दरी. सगळं हाताने, तेही सुटीच्या दिवशी घरून डबा घेऊन आलेल्या माणसांनी. पगारी कामातही इतकी निगा क्वचितच दिसते.

परतताना एका वळणाआधी गाडी थांबली. नीकाऊ पामची भलीमोठी झावळी रुळावर पडली होती. तोच स्वयंसेवक उतरला. झावळी त्याने नुसती बाजूला सारली नाही, चर ओलांडून पलीकडे उतारावर फेकली. चरीत पडली असती तर पाणी तुंबून रुळांखाली शिरलं असतं, आणि मोठ्या पावसात तिथली कडच खचली असती. मग चरीत अडकलेली पानंही त्याने बुटाने मोकळी केली, वाकून पाणी वाहतंय का ते पाहिलं आणि ड्रायव्हरला हात केला.