२०१३ चा ऑगस्ट आणि उसने डॉलर

मे २०१३ च्या आरंभी डॉलर साधारण ५४ रुपयांना मिळत होता आणि २८ ऑगस्टला तो ६८ च्या पुढे गेला. भाचीच्या परदेशातील शिक्षणासाठी भरायच्या वीस हजार डॉलरचे पावणेअकरा लाखांच्या आसपास असलेले गणित साडेतेरा लाखांवर गेले, तेव्हा चालू खात्यावरील तूट हा शब्द आमच्या घरात प्रथमच उच्चारला गेला.

२०१२-१३ मध्ये ही तूट, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या चालू व्यवहारांत देशाच्या कमाईपेक्षा जास्त झालेला खर्च, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.८ टक्के होती. तेल आणि सोने यांच्या आयातीचा खर्च निर्यातीतून भागत नव्हता, आणि उरलेली रक्कम शेअर व रोख्यांत गुंतवणाऱ्या परकीयांच्या पैशातून भरून निघत होती. २२ मे रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नांकी यांनी त्या बँकेची रोखे खरेदी कमी करण्याचे नुसते सूतोवाच केले आणि तो पैसा भारतातून परतू लागला, रुपया घसरला. तुर्कस्तान, ब्राझील, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका यांचीही तीच गत झाली.

सोन्यावरील आयात शुल्क १० टक्क्यांवर नेण्यात आले. सराफांची नाराजी समजण्यासारखी होती. सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने अनिवासी भारतीयांच्या किमान तीन वर्षांच्या डॉलर ठेवींवरील विनिमय दराची जोखीम, म्हणजे रुपया घसरल्यास बँकांना होणारा तोटा, ३.५ टक्के दराने स्वतःकडे घेतली, आणि बँकांच्या परदेशी कर्जांसह सुमारे ३,४०० कोटी डॉलर आले. माझ्या मते ही उसनवारीच होती, फक्त मुदत लांबलेली.