स्वखुशीने

आदल्या रात्री वाशीला जाऊन एक सिनेमा पाहिला होता. दोन भाऊ, कित्येक वर्षांचा अबोला, बाप वारतो आणि दिवसकार्यासाठी दोघं एका छपराखाली येतात. नट नावाजलेले. मी बायकोला म्हटलं, हे आपल्या धंद्यातलं आहे, चल. अडीच तास बसूनही एवढंच कळलं नाही की हे दोघं भांडले कशावरून. एक जण खिडकीबाहेर बघतो, दुसरा दारू पितो, मागे सारंगी. एक बहीणही आहे, ती चहा आणते. शेवटी धो धो पाऊस येतो आणि भाऊ भिजत मिठी मारतात. बाहेर पडताना बायको म्हणाली, "तुमच्या अशिलांची तर पाऊस पडला की भांडणं सुरू होतात."

खरंच होतं ते. दुसऱ्या दिवशी ज्या दोन भावांचं काम होतं, त्यांचा अबोला पावसावरूनच. थोरल्याने घरावर नवे पत्रे टाकले आणि त्यांची पागोळी धाकट्याच्या अंगणात पडायला लागली. कडेला पन्हळ लावली असती तर प्रश्न मिटला असता, पण पन्हळ कुणाच्या पैशाने? अकरा वर्षं झाली. भिंतीला भिंत लागून घरं, पण निरोप पोरांमार्फत. वीस वर्षं बेलापुरात वकिली करतोय, मोघम भांडण एकही पाहिलेलं नाही. फूट, गुंठा, आईच्या पाटल्या. मोजता येईल अशाच वस्तूवर माणसं तुटतात.

दोघांना माझ्या टेबलाशी आणलं ते साडेबारा टक्क्यांनी. आजोबांपासूनची एकरभर भातशेती नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतली होती. 1984 साली उरण भागात शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, त्या गर्दीत यांचे वडील होते. लाठीचा वण कपाळावर शेवटपर्यंत मिरवला त्यांनी. त्या लढ्यातून पुढे ही योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा विकसित भूखंड मालकाला परत. चाळीस गुंठ्यांचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी तीस टक्के वजा, हातात साडेतीन गुंठे. साधारण 354 चौरस मीटर. धाकट्याने 177 हा आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवला होता. थोरल्याला तो पाठ होता.

वारस दाखल्यावर नावं मात्र तीन. बहीण उरणकडे दिलेली. बिल्डरला कागद साफ हवे होते, म्हणून आधी तिचं हक्कसोडपत्र आणि मग भावाभावांचं वाटणीपत्र असं ठरलं. "बहिणीचा काय प्रश्न नाय," दोघांनीही मला सांगितलं होतं, अर्थात वेगवेगळ्या दिवशी. मसुदा मी नेहमीचाच काढला. अशी दोन-तीनशे हक्कसोडपत्रं तरी या हाताखालून गेली असतील.

रजिस्ट्रार ऑफिसात टोकन लागलं होतं. थोरला पंख्याखाली, धाकटा दाराशी, मध्ये बहीण, मांडीवर पर्स घेऊन. सहीला पेन दिलं तर म्हणाली, "वाचून दाखवा, वकीलसाहेब." चष्मा विसरली असेल असं वाटलं. वाचत गेलो. 'मी माझा सदर मिळकतीतील हक्क, हिस्सा व हितसंबंध स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय...'

"थांबा. स्वखुशीने कोणी लिवलं?"

"मी."

"मना विचारलंत?"

नव्हतं विचारलं. तो शब्द छापीलच असतो, कोणी विचारत नाही. खरं तर माझी आणि तिची भेटच त्या सकाळी पहिल्यांदा होत होती. तिचं आधार कार्डसुद्धा मला धाकट्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं.

तिने पेनाला टोपण लावलं. "माझा पन हिस्सा लावा. आजाची जमीन हाय, मना माहीत हाय."

आणि बरोबर माहीत होतं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला. वडील त्याआधी गेले असले तरी तिचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलंय. 354 भागिले तीन, 118. म्हणजे एकेका भावाचे 59 मीटर एका वाक्यात गेले. धाकट्याने हा हिशोब तोंडी केला असावा, कारण त्याचे ओठ हलत होते.

तो दारापासून सरळ पंख्याखाली आला.

"दादूस," तो म्हणाला, "हिला कोनी शिकवलं?"

"दाजीनं. दुसरं कोन?"

अकरा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं. सारंगी नाही, काही नाही. कारकुनाने पुढचा नंबर पुकारला.

बाहेर येऊन दोघांनी एकच रिक्षा केली. थोरल्याने सरकून धाकट्याला जागा दिली, तेही मी पाहिलं. बहीण बसस्टॉपवर उभी होती. मला बघून तिने विचारलं, "माझी केस तुम्ही घ्याल? फी किती?" मी तिच्या भावांचे कागद केलेले, मला घेता येत नाही, हे समजावलं आणि बेलापूरच्याच एका वकीलबाईंचा नंबर दिला. तिने तो मसुदा मागून घेतला. घडी घालून पर्समध्ये ठेवला.

परवा धाकट्याचा फोन आला. बहिणीची नोटीस आलीय, दोघांतर्फे उत्तर द्यायचंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. ठेवता ठेवता म्हणाला, "आन वकीलसाहेब, पन्हळ लावली बरं का. निम्मे पैशे मी दिले."