हेलिपॅडविरुद्ध कोर्टात जाताना आमचं घोडं अडलं ते रेकॉर्डपाशी

कॅलिफोर्नियात आमच्या घरांना लागून असलेल्या हॉस्पिटलच्या हेलिपॅडला सिटी कौन्सिलने मंजुरी दिली, तिला आम्ही शेजाऱ्यांनी सीक्वा या पर्यावरण कायद्याखाली आव्हान दिलं. अत्यवस्थ पेशंट हेलिकॉप्टरने आणायला आमचा विरोध नव्हता, आजही नाही. पण रात्रीच्या आवाजाचा नीट अभ्यास न करता, पूर्ण पर्यावरण अहवालाऐवजी 'मिटिगेटेड निगेटिव्ह डिक्लरेशन'वर, म्हणजे 'ठरवलेले उपाय केले की मोठा परिणाम उरत नाही' अशा छोट्या घोषणेवर, काम उरकलं होतं. ते मान्य करणं शक्य नव्हतं.

वकील मिळाला, याचिका दाखल झाली, बजावणीही झाली. अडलं ते ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रेकॉर्डपाशी.

जज नव्याने साक्षीपुरावे घेत नाहीत. मंजुरी देताना सिटीपुढे जे कागद होते, त्यांवरच निकाल होतो. हे रेकॉर्ड सिटीने बनवायचं की आपण, ते याचिकेबरोबरच कळवावं लागतं. सिटीने बनवलं आणि आपण हरलो, तर खर्च आपल्या माथी येऊ शकतो. म्हणून आम्ही स्वतः बनवायचं ठरवलं. मुदत 60 दिवसांची. पण कागद सिटीकडे आणि रेकॉर्ड पूर्ण असल्याचं शेवटचं प्रमाणपत्रही सिटीचंच! आठवड्यामागून आठवडे 'शोधतोय' एवढंच उत्तर. फाइल आली तेव्हा आमच्या पत्रांची जोडपत्रं गायब, सुनावणीचं ध्वनिमुद्रण नाही, आणि आवाजाच्या अहवालाचं परिशिष्टही नाही. मुदत वाढवून घ्यावी लागली. याचा राग अजून गेलेला नाही.

ते परिशिष्टच कळीचं होतं. कोणतं हेलिकॉप्टर, कोणता मार्ग, रात्री किती उड्डाणं धरली, हे सगळं त्यातच असतं. अहवालात पुढे केलेला सीएनईएल हा आकडा 24 तासांची सरासरी असतो. रात्री 10 ते सकाळी 7 मधल्या आवाजाला 10 डेसिबल जादा धरतात, तरीही रात्रीचं 90 डेसिबल एसईएलचं (एसईएल म्हणजे एका उड्डाणाचा सगळा आवाज एका सेकंदात धरून काढलेला आकडा) एक उड्डाण सरासरीत जेमतेम 50.6 होतं. सीएनईएलची 65 डेसिबलची मर्यादा कुठल्या कुठे राहते, झोप मात्र मोडतेच. म्हणून एकेका उड्डाणाचा आवाज वेगळा मागा. ओकलंड विमानतळाच्या 2001 च्या निकालात कोर्टाने रात्रीच्या उड्डाणांसाठी हेच सांगितलं आहे.

मात्र ही आकडेमोड घरी करून देऊ नका. 2018 च्या जेन्सेन विरुद्ध सांता रोझा निकालात शेजाऱ्यांनी स्वतः मांडलेलं आवाजाचं गणित कोर्टाने पुरावा म्हणून धरलं नाही. ध्वनितज्ज्ञाचं सहीचं पत्र घ्या आणि ते सिटीपुढची सुनावणी संपायच्या आत द्या. तिथे कुणीच न मांडलेला मुद्दा पुढे कोर्टात चालत नाही. प्रत्येक पत्राची, जोडपत्रांसकट, पोच घ्या. गायब झालेले कागद आम्हाला त्या पोचींमुळेच परत घालता आले.

रेकॉर्डचा क्रमही ठरलेला आहे: आधी नोटीस ऑफ डिटर्मिनेशन (मंजुरी दिल्याची सिटीची जाहीर नोटीस), मग ठराव, पर्यावरणाची कागदपत्रं, स्टाफ रिपोर्ट, सुनावणीचा उतारा, आणि उरलेलं तारखेप्रमाणे. पानांना सलग क्रमांक हवेत.

हे आधी सांगायला हवं होतं: ती नोटीस काउंटी क्लार्ककडे लागल्यापासून याचिकेला फक्त 30 दिवस मिळतात. कौन्सिलच्या बैठकीपासूनच क्लार्ककडे रोज चौकशी करा. पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट या सरकारी कागद मागण्याच्या कायद्याखालचा अर्जही याचिकेची वाट न पाहता टाका. कागद देता येतील की नाही, हे त्यांना सहसा 10 दिवसांत कळवावं लागतं.

सिटीकडे हवेतला मार्ग बदलून मागू नका. आकाश एफएए या फेडरल विमान वाहतूक खात्याचं. सिटीच्या हातात जमिनीचा वापर. आणि मंजुरी रद्द झाली म्हणजे हेलिकॉप्टर बंद होतील असं नाही. 'ईएमएस (तातडीची वैद्यकीय सेवा) लँडिंग साइट' म्हणून नेमलेल्या जागेवर, वर्षाच्या सरासरीने महिन्याला 6 पर्यंत पेशंटसह लँडिंग राज्याच्या हेलिपोर्ट परवान्याशिवाय चालतात. शेजाऱ्यांच्या पहिल्याच बैठकीत हे स्पष्ट सांगा, म्हणजे वर्गणी देणाऱ्यांची फसगत होणार नाही.