वर्गणी मागायला जिगर लागते

पैसे मागणं वाईट, हे आपल्याला लहानपणापासून बिंबवलेलं असतं. उसने मागू नयेत, आहेर मागू नये, पगारवाढसुद्धा आडून आडून सुचवावी. त्यामुळे वाचनालयाच्या वर्गणीचं पावतीपुस्तक हातात पडलं की एरवी सभा गाजवणाऱ्यांचीही वाचा बसते. बेल कुणी वाजवायची यावरून जिन्यातच धुसफूस. आत टीव्हीचा आवाज कमी होतो, दाराच्या भिंगातून कुणीतरी बघतं आणि आवाज पुन्हा वाढतो. दार उघडलंच तर ‘हे घरी नाहीत’ असं सांगण्यात येतं. ‘हे’ आतल्या खोलीत खोकत असतात. कुणी पन्नास रुपये देऊन पन्नास प्रश्न विचारतो, तर कुणी पाचशेची नोट पुढे करून वर म्हणतो, नाव लिहू नका हो माझं.

अशा फेरीत माझ्या डोळ्यांपुढे हमखास पार्वतीबाई आठवले येतात. समाजसेविका म्हटलं की आपल्याला व्यासपीठ, हार आणि सत्काराची शाल दिसते. मला या बाई नेहमी कुणाच्या तरी उंबऱ्याबाहेर उभ्या दिसतात.

देवरूखच्या त्या. जन्म 1870 चा. विशीच्या आसपास नवरा गेला, पदरी लहानगा मुलगा. मग त्या काळी जे व्हायचं ते सगळं झालं. केशवपन, लाल आलवण आणि माहेरच्या स्वयंपाकघरात जन्मभराची बिनपगारी नेमणूक. त्यांची थोरली बहीण गोदूबाई, तीही विधवाच, आणि ती तर बालविधवा. पण ती मुंबईला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेली. 1889 मध्ये सदन सुरू झालं, तेव्हाची तिथली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे 1893 मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि गावाचा बहिष्कार ओढवून घेतला.

धाकटीने पुनर्विवाह केला नाही. ती मुलाला घेऊन बहिणीच्या आधाराने पुण्याला आली आणि शिकायला बसली. आपण सुधारणेच्या गोष्टी वाचतो त्या ठरावांच्या आणि अध्यक्षीय भाषणांच्या. इथे आधी होतं ते एक भरलेलं घर, त्यात मेव्हणे, बहीण, भाचरं आणि आपलं पोर. कोण कुणाचा डबा भरतंय आणि कोण कुणाचा अभ्यास घेतंय, याचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही. बहिणीने पोराकडे बघितलं म्हणून आईला गावोगाव हिंडता आलं असणार, असा आपला माझा घरगुती तर्क.

कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. तिथे तेव्हा माळरान होतं. सुरुवात एका झोपडीपासून झाली. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून संध्याकाळी तिथवर चालत जायचे. पार्वतीबाई आश्रमाच्या कामात शिरल्या आणि मग त्यांच्याकडे आलं ते सगळ्यात नकोसं काम: निधी गोळा करणं.

आता हे जरा सावकाश डोळ्यांपुढे आणावं. कामाला निघताना विधवा समोर आली तर माणूस दोन पावलं मागे फिरे, पाणी पिऊन, थोडं थांबून मग निघे. अपशकुन! लग्नकार्यात तिने पुढे यायचं नाही, हळदीकुंकवाला तर दिसायचंही नाही. आणि ही बाई त्याच वेशात, त्याच डोक्याने, परक्या गावात परक्याच्या दारात आपणहून उभी राहते. मागते ती पसाभर तांदूळ नव्हे, विधवांना शिकवण्यासाठी पैसे. भिक्षा मागितली असती तर लोकांनी घातली असती. तिची सवय होती. ‘शिकवायला पैसे द्या’ म्हटल्यावर घरमालकाचा चेहरा कसा झाला असेल? जिच्या दर्शनाने दुसरे आपला प्रवास लांबणीवर टाकत, तीच सगळ्यांपेक्षा जास्त प्रवास करत होती. चाळिशी उलटल्यावर त्यांनी केशवपनही सोडलं. निधीसाठी ओळखीच्या गावी जाताना ते करायचं, म्हणजे चार आणे देणाऱ्या माणसाशी आधी केसांवरून वाद घालायची तयारी ठेवायची. मी असते तर निदान वर्गणी संपेपर्यंत थांबले असते.

आणि मग 1918 मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ही बाई अमेरिकेला गेली. हल्ली बाई पन्नाशीत अमेरिकेला निघाली की मुलीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण असणार हे शेजारपाजारचे गृहीतच धरतात. या निघाल्या इंग्रजी शिकायला. आश्रमाच्या कामाला इंग्रजी हवं, तिकडच्या संस्था बघायला हव्यात, एवढाच हिशेब. हाताशी पैसे नाहीत, भाषेचा पत्ता नाही. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरलं. हिंगण्याला शेकडो मुली ज्यांना मान देत, त्या बाई परमुलखात कुणाच्या तरी मोरीशी उभ्या होत्या. हे त्यांनी लपवलं नाही. 1928 मध्ये आलेल्या ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात स्वतःच लिहिलं आणि दोन वर्षांत त्याचा इंग्रजी अनुवादही झाला.

यातली एक गंमत मला फार आवडते. शारदा सदन उभं राहिलं ते अमेरिकेतून आलेल्या पैशांवर. पंडिता रमाबाईंनी तिथे गावोगाव व्याख्यानं दिली, 1887 मध्ये बोस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ निघालं. म्हणजे देवरूखच्या थोरलीची पाटीपेन्सिल बोस्टनकरांच्या वर्गणीतून आली. आणि तीसेक वर्षांनी धाकटी त्याच देशात गेली ती स्वतःचा खर्च स्वतः भागवत. मधे मागणारी बाई होतीच. आधी रमाबाई, मग पार्वतीबाई.

त्या 1920 मध्ये परत आल्या. त्याच वर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. ते योग्यच झालं, पंधरा लाख म्हणजे काही थोडे नव्हेत. पण मला कुतूहल आहे ते चार आण्यांचं. आश्रमाच्या त्या वर्षांतल्या हिशेबवह्या बघायला मिळाल्या तर मी ठाकरसींचं पान सोडून थेट किरकोळ देणग्यांवर जाईन. कुठल्या गावच्या कुणी किती दिले आणि कुणी बायकोच्या नावाने दिले, ते बघायचंय मला.