आवाज ग्राइंडरचा, बिल फ्रिजचं

मी फ्रिज दुरुस्त करतो, पण चिंचवडच्या एका घरून फोन आला, तो फ्रिजसाठी नव्हताच. "दादा, आमचा ग्राइंडर किती वीज खातो ते येऊन बघाल का?" वहिनींनी इडली-डोशाचं ओलं पीठ विकायला नुकतीच सुरुवात केली होती. त्याच महिन्यात 90 च्या आसपास असणारे युनिट 165 वर गेले आणि खापर फुटलं ग्राइंडरवर. यजमान मला दारातच म्हणाले, "पिठाचे पैसे बिलातच जातात. बंद कर म्हणून तुम्हीच सांगा तिला."

मी घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजचा प्लगही काढला आणि फक्त ग्राइंडर फिरत ठेवला. जिन्यातल्या मीटरवर लाल दिवा लुकलुकत होता. त्याच्याशेजारी 3200 हा आकडा छापलेला; म्हणजे दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. यजमानांच्या हातात घड्याळ देऊन त्यांनाच मोजायला लावलं. मिनिटाला आठ. तासाला 480, म्हणजे 0.15 युनिट, म्हणजेच 150 वॅट. उडीद-तांदूळ मिळून रोज दोन तास दळण धरलं तरी 0.3 युनिट. महिन्याला नऊ.

"मग बाकीचे कुठे गेले?"

ग्राइंडर बंद करून फ्रिज लावला. पुन्हा आठच! दोन्ही यंत्रं सारखीच वीज ओढत होती. पण चहा झाला, तास उलटला, तरी कॉम्प्रेसर कट होईना. "रात्रीसुद्धा तो असाच घुरघुरतो," वहिनी म्हणाल्या. 24 तासांचे 3.6 युनिट, महिन्याचे 108. तेवढा फ्रिज धड असेल तर दिवसाला एक-सव्वा युनिटात भागतं.

दारात दहाची नोट धरून दार लावलं. वरच्या बाजूला नोट घट्ट अडकली, खाली बिजागरीच्या कोपऱ्यात मात्र अलगद निघून आली. तिथलं रबर कडक होऊन वाकलं होतं. त्या फटीतून दमट हवा आत शिरायची, फ्रीजरमध्ये बर्फाचे थर चढायचे आणि थंडावा खालपर्यंत पोचायचा नाही. त्यात पिठाच्या डब्यांचं टेबल मांडायला फ्रिज भिंतीला चिकटवलेला, म्हणून उष्णता बाहेर टाकणाऱ्या मागच्या जाळीलाही वारा नाही. बिल नेमकं त्याच महिन्यात का वाढलं, ते तिथे उलगडलं.

100 युनिट ओलांडले की पुढच्या युनिटांचा दर जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे वरचे 65 युनिट फार महागात पडले होते. जे यंत्र घरघर आवाज करतं त्याच्यावर संशय जातो, आणि दिवसरात्र चालणाऱ्याकडे कुणी बघत नाही. एवढ्यावरून एका बाईचा हातातोंडाशी आलेला धंदा बंद पडला असता, याचा मला खरोखर राग आला. यजमानांना मी तसं स्पष्ट बोललो.

रबर बदललं, बर्फ वितळवला, फ्रिज वीतभर पुढे ओढला. पुढच्या पूर्ण महिन्याचं बिल 98 युनिटांचं आलं.

ते कळवायला वहिनींचा फोन आला, पण त्यांना विचारायचं होतं वेगळंच: पिठाच्या भावात विजेचे किती धरायचे? वहन आकार, वीज शुल्क सगळं लावून, वरच्या टप्प्याच्या दराने ग्राइंडरचे दिवसाला चार रुपये होतात, असं मी सांगितलं. शिवाय आता अर्धा फ्रिज पिठानेच भरलेला असतो, तेव्हा फ्रिजचाही अर्धा खर्च पिठावर टाका. पलीकडून त्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, वही घ्या, लिहा."