गांधार जरा खाली

मे महिन्याची दुपार. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही, एवढं झालं की सोलापुरात माणसाने आडवं व्हायचं असतं, त्यात चर्चा नाही. वरच्या मजल्यावरची मुलगी मात्र नेमकी तेव्हाच रियाजाला बसते. राग यमन. एरवी पेटी धरून गाते. त्या दिवशी तिच्या बाईंनी पेटी मिटायला लावली असावी, कारण नुसता मोबाइलमधला तंबोरा ऐकू यायला लागला आणि तिचा गांधार, म्हणजे सारेगमतला ग, हलला. केसभर खाली उतरला आणि बसला. असा बसला की माझी झोपच उडाली.

वाह म्हणायला हवं होतं. मला वाटलं, पोरीचा सूर उतरला.

सुराचा हिशेब मांडायची खोड मला जुनीच. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार मधल्या सप्तकात आणला की ३०० चा. चारास पाच, स्वच्छ व्यवहार. पेटीचा गांधार ३०२.४. पेटीवाल्यांनी सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडले. एकावर फार अन्याय नको म्हणून सगळ्यांवर थोडा थोडा केला. पंचम त्यातून जवळजवळ सुटला, ३६० च्या जागी ३५९.६. गांधाराच्या वाट्याला मात्र अडीच कंपनं आली. अडीचने काय बिघडतं? पण साच्या पोटात १२०० चा बारीक स्वर वाजत असतो आणि या गांधाराच्या पोटात १२०९.५ चा. दोघं सेकंदाला नऊ-दहा वेळा एकमेकांवर आदळतात. कानाला लागते ती ही थरथर.

ही थरथर म्हणजे काय ते मला पुस्तकातून कळलं नाही. साखर पेठेत आमच्या भिंतीपलीकडे तेलुगू शेजाऱ्यांचे दोन यंत्रमाग होते. दोन्ही टॉवेलचे, वेग जवळजवळ सारखा. जवळजवळ. त्यामुळे दोघांचे ठोके काही वेळ एकावर एक पडायचे, मग हळूहळू सुटायचे, एकमेकांच्या फटीत जायचे, पुन्हा जुळायचे. जुळले की भिंतीवरचा पत्र्याचा डबा वाजायचा. त्या डब्याची वाट बघत मी किती दुपारी लोळून काढल्या असतील. दोन सुरांचंही हेच, फक्त फार जलद.

आमच्या आजोबांचं भजनी मंडळ होतं. पेटी घरची, दोन ओळी नर सुरांच्या, म्हणजे दोन्हींत तेच सूर. गणपतीच्या आधी पेटी लावणारा यायचा. ओसरीवर जुनी चादर अंथरायचा, पेटीचं झाकण काढायचा आणि पितळी सूर एकेक करून मांडायचा. सुराची जीभ टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. बारीक कानस दोनदा फिरवायची, फुंकर मारायची, सूर जागेवर बसवून भाता ओढायचा. पितळेची पूड त्याच्या अंगठ्याला चिकटलेली असायची. दोन ओळींतला एकच सूर जोडीने वाजवून तो म्हणायचा, "आप्पा, हे दोघं भांडतायत. घासू का?"

"भांडू देत की," आजोबा म्हणायचे. "एकटा सूर कुठं ऐकू येतोय?"

त्यामुळे आमची पेटी कायम थरथरती. माझा कान तिच्यावर पोसला. सरळ सूर मला अजूनही मिठाशिवायचा वाटतो.

शास्त्रवाल्यांना ही थरथर बघवत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, त्यांनी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांना समोर बसवून बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातल्या सुरांच्या बारीक जागा, मोजायचा घाट घातला. क्लेमेंट्स नावाचे आयसीएस अधिकारी त्यांच्या नादाला लागले आणि श्रुतींची पेटीसुद्धा तयार झाली. कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला गांधाराची मोजणी सुचावी, हे मला फार आवडतं. पुढे १९४० साली रेडिओने पेटीवर बंदीच घातली, ती काही दशकं टिकली. आपल्याकडे डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी करून दाखवली आहे. तंबोऱ्याचं तर विचारूच नका. भोपळे आपल्या जिल्ह्यातले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, आणि नाव मिरजेचं. २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिरजेला मिळालं. (चादरीला आधीच आहे, म्हणून आपण गप्प.) तंबोरा जुळवताना जवारीवर, म्हणजे तारांखालच्या घोडीवर, दोरा केसभर सरकवतात, तारा बोलू लागतात आणि कुणीतरी डोळे मिटून विचारतं, "गांधार ऐकू आला?" या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

गंमत अशी की १९६३ साली नझीर जैराझभॉय आणि स्टोन या संशोधकांनी नामवंतांच्या यमनातले गांधार यंत्राने मोजले, तर ते एकमेकांशी जुळेनात. एकाच कलावंताचा गांधारही एका जागी थांबेना. हे वाचून मी दिवसभर खुशीत होतो.

मग कुठेतरी त्सिमाने लोकांविषयी वाचलं. बोलिव्हियाच्या जंगलातले. २०१६ साली संशोधकांनी जाहीर केलं की आपण ज्याला गोड स्वरमेळ म्हणतो आणि ज्याला कडू म्हणतो, ते दोन्ही त्यांना सारखेच बरे वाटले. म्हणजे सवयच सगळी, असं म्हणून मी पुस्तक मिटणार होतो. पण पुढे होतं की खरखरीत, थरथरता आवाज त्यांनाही नकोसाच वाटला.

मग आमच्या आजोबांनाच तो का हवा होता?

आजोबा उमेदीची सगळी वर्षं गिरणीत मागांवर होते. शेकडो माग एका छपराखाली, कानात बोळाही नाही. अशा आवाजाने कान जातो तो आधी वरच्या, बारीक सुरांचा जातो. ४००० कंपनांच्या आसपास खड्डा पडतो आणि पसरत जातो. घरात हाक मारली की आजोबा तोंडाकडे बघून उत्तर द्यायचे. आम्ही त्याला त्यांचा स्वभाव समजायचो. तंबोऱ्यातले ते वरचे सूक्ष्म स्वर, ज्यांच्यावर एवढे ग्रंथ झाले, ते त्यांच्यापर्यंत पोचत असतील असं मला वाटत नाही. पोचत असेल ती दोन सुरांची भांडाभांडी, कारण ती भात्यावरच्या हातालाही कळते.

पेटी लावणाऱ्याला हे ठाऊक असावं. तो दर वर्षी न चुकता "घासू का?" विचारायचा, ती जोडी तशीच ठेवून द्यायचा आणि पैसे मात्र सगळ्या सुरांचे घ्यायचा.