दहावीचा ग्रुप फोटो

दहावीच्या वर्षातलं बाकी सगळं कुठे ना कुठे नोंदलेलं असतं. गुण मंडळाकडे, हजेरीपट शाळेच्या कपाटात, दाखला घरच्या पिशवीत. रत्नागिरीला कोकणचं स्वतंत्र विभागीय मंडळ झालं आणि २०१२ पासून निकालात राज्यात पहिलं येण्याची त्याला सवयच लागली, त्यामुळे आपल्याकडे टक्क्यांची आठवण काढणाऱ्यांना तोटा नाही. पण शेवटच्या बाकावर कोण बसायचं, कोण कुणाच्या खांद्यावर हात टाकून उभं राहायचं, हे गुणपत्रकात नसतं. ते असतं निरोप समारंभाच्या दिवशी काढलेल्या ग्रुप फोटोत. आणि आपली हवा नेमकी त्याच्याच मुळावर उठलेली.

फोटो काढण्याचा दिवस पूर्वपरीक्षा संपल्यावर, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येतो. मोहोर धरलेला असतो. त्या दिवसांत मळभ आलं की बागायतदार मोहोरावरच्या तुडतुडे किडीच्या धास्तीने आभाळाकडे बघतो आणि फोटोवाला मनातल्या मनात खूश होतो, कारण मळभात चेहऱ्यावर सावल्या पडत नाहीत. ऊन असेल तर मुलांना शाळेच्या इमारतीच्या सलग सावलीत उभं करावं. आंब्याच्या झाडाखाली फोटो छान येतो हा समज खोटा. तिथे पानांतून कवडसे पडतात, एकाचं कपाळ पांढरं फटक आणि शेजारच्याचं नाक गायब. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, सूर्य समोर असेल तर सगळी तुकडी डोळे बारीक करून बघते.

चाळीस मुलं असतील तर चार रांगा: पुढे सतरंजीवर, मग खुर्च्यांवर शिक्षक, मागे उभी मुलं आणि त्यांच्या मागे बाकांवर. बाकावर चढायचं ते बसायच्या फळीवर, लिहायच्या उतरत्या फळीवर नव्हे. कातळावरचं मैदान कधीच सपाट नसतं, म्हणून पायाखाली चपटे दगड सरकवून बाक डुगडुगत नाही ना ते आधी बघावं. माणूस सरळ उभा राहिला तर साधारण दीड फूट जागा घेतो. खांदा जरा तिरका केला की बारा जण पंधरा फुटांत मावतात. उंच मुलं मध्ये, कडेला उतार. फोनवर काढणार असाल तर जवळ उभं राहून रुंद लेन्स लावू नका, कडेची मुलं आडवी फुगतात. पंचवीस-तीस फूट मागे सरका. आणि चाळीस जणांत कोणाचे ना कोणाचे डोळे मिटणारच, म्हणून सगळ्यांना आधी डोळे मिटायला सांगून तीन म्हटल्यावर उघडायला लावायचे आणि निदान आठ-दहा फोटो घ्यायचे. चष्मेवाल्यांनी हनुवटी किंचित खाली घ्यावी.

एक तरी मुलगा त्या दिवशी गैरहजर असतो. जुने स्टुडिओवाले त्याचा पासपोर्ट फोटो वरच्या कोपऱ्यात गोलात चिकटवून द्यायचे. दिसायला ते विनोदी दिसतं, पण फार माणुसकीचं काम होतं ते.

इथवर सगळं जमतं. बिघडतं ते फ्रेम करताना. फोटो थेट काचेला टेकवला की पावसाळ्यातल्या दमटपणाने त्याचा पातळ थर चिकट होतो आणि काचेला धरून बसतो. म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, हवीच. दहावीस रुपये वाचवायची ही जागा नव्हे. फ्रेम बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. भिंतीचा जांभा दगड जून ते सप्टेंबर पाणी पितो, मागचा पुठ्ठा ओलावतो, बुरशी येते आणि पाठोपाठ वाळवीही. आतली भिंत निवडावी आणि फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत मागून बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागे वारा खेळता राहतो. समोर खिडकी नको. उन्हाने रंग उडतात. घरी पिशवीत ठेवणाऱ्यांनी प्लास्टिक लॅमिनेशनचा मोह टाळावा. एकदा कड सुटली की आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, आणि लॅमिनेशन उलगडताही येत नाही.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, चेहरे काचेवरच राहतात. तसाच काचेसकट फोनने टिपावा: फ्रेम जमिनीवर, उजेड एका बाजूने, टिपणाऱ्याचा शर्ट काळा, म्हणजे काचेत तो स्वतः उमटत नाही. सुट्टा फोटो असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करावा. बुरशीची भुकटी ओल्या फडक्याने पुसू नये, सुकू द्यावी आणि मऊ कुंचल्याने अंगणात झटकावी.

तरीही नावं नसतील तर सगळं फुकट. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उठतात, म्हणून यादी वेगळ्या कागदावर लिहून फ्रेमच्या मागे चिकटवावी. ‘डावीकडून’ म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हेही लिहावं. आमच्याकडे एकाच वर्गात एकाच आडनावाची आठ मुलं सहज निघतात, त्यांत दोन संतोष. तेव्हा वडिलांचं नाव आणि वाडी हवीच: खालची, मधली, बौद्धवाडी, जी असेल ती. मुलींची शाळेतली आडनावं लिहावीत, सासरची कंसात. २०२१ ची परीक्षा रद्द झाली आणि कोकणचा निकाल १०० टक्के लागला. त्या तुकडीचा मास्क लावलेला फोटो कुणाकडे असेल तर त्याला यादीशिवाय ओळखच नाही.

यादी हजेरीपटाशी ताडून बघावी. अडलं तर शिपाईमामांना विचारावं, त्यांना मुख्याध्यापकांपेक्षा जास्त नावं आठवतात. फोटोत ते स्वतः कडेला उभे असतात आणि यादीत नुसते ‘शिपाई’ असतात. त्यांचंही पूर्ण नाव घालावं. या कामाला उत्तम दिवस गणपतीतले. मुंबईला गेलेले अर्धे वर्गमित्र तेव्हा घरी असतात, आरत्यांच्या निमित्ताने वाडीवाडीत फिरणं होतंच. फक्त गौरीविसर्जनाच्या आधी उरका, नंतर परतीच्या गाड्या भरायला लागतात.